हाशाचा गमछा परत नेताना

निघायच्या दिवशी सकाळी मी दिवाणखान्यात स्टुलावर चढलो आणि भिंतीवरची काचेची चौकट खाली काढली. या वयात स्टुलावर चढायला मला घरात बंदी आहे, म्हणून सगळे उठायच्या आत हे काम उरकलं. चौकटीत लाल-पांढऱ्या चौकड्यांचा एक सुती गमछा घडी घालून बसवलेला आहे. खाली पितळी पट्टी, तिच्यावर कोरलेली अक्षरं : 'मैत्रीसाठी सोडलेला सामना'. ती पट्टी मीच करून घेतली होती. चौकट निघाल्यावर भिंतीवर मूळ रंगाचा एक चौकोन उरला. आजूबाजूची भिंत इतकी मळली आहे हे तेव्हा लक्षात आलं.

माझी नात सई गाडीची किल्ली घेऊन बाहेर आली. चादरीत गुंडाळलेली चौकट बघून ती खूश झाली.

"आजोबा, हे पण नेताय? मस्त! हाशाआजोबांसोबत फोटो काढू."

मी नुसता "हं" म्हणालो.

पुण्याहून पनवेलला जाणं याला प्रवास म्हणायचं का, असं वाचक विचारतील. खेळाडूंचे संघ घेऊन मी नोकरीत बराच हिंडलो, आणि त्या लांबलांबच्या दौऱ्यांबद्दल वेळोवेळी लिहिलंही. पण सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असा हा एवढासा रस्ता मी अर्धं आयुष्य टाळला. का टाळला ते आधीच सांगून टाकतो.

ऐन तिशीत मी एका कबड्डी संघाचा व्यवस्थापक म्हणून बांगलादेशात गेलो होतो. सद्भावना दौरा होता. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना खेळताना बघावं, चार घास एकत्र खावेत, एवढाच त्याचा हेतू. तिकडे आपल्या हुतूतूला हाडुडु म्हणतात. आमचा कर्णधार होता पनवेलजवळच्या, नेऱ्याच्या बाजूच्या एका गावातला शेतकरी, हसुराम घरत. त्याला सगळे हाशा म्हणत. भाताची खाचरं आणि खाडीची मासळी बघून तो तिथे दुसऱ्याच दिवशी घरच्यासारखा वावरू लागला. मला मात्र तिथलं पाणी बाधलं होतं.

शेवटचा सामना एका लहान शहरात झाला. मालिका बरोबरीत होती. खेळ संपत आला तेव्हा आम्ही थोडे पुढे होतो, पण आमच्या बाजूला एकटा हाशा उरला होता. त्यांचा कर्णधार रफीक चढाईला आला, हाशाच्या पायाकडे एकदा झेपावला आणि दम संपत आल्यावर मान खाली घालून परत गेला. पंचांनी काही दिलं नाही. आम्ही जिंकलोच होतो. तेवढ्यात हाशाने हात वर केला आणि तो मैदानाबाहेर चालू लागला.

हाशाच्या गावच्या मैदानावर पंच नसायचा. ज्याला समोरच्याचं बोट लागलं त्याने आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचं, ही तिथली रीत. परदेशातल्या सामन्यात, शेवटच्या चढाईला, हाशा त्याच रीतीने वागला. आमच्यावर लोण चढला (सगळा संघ बाद झाला की समोरच्यांना जादा गुण मिळतात) आणि आम्ही हरलो. प्रेक्षकांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी आपल्या कर्णधाराला सोडून हाशाला खांद्यावर घेतलं. रफीकने कमरेचा गमछा सोडून त्याच्या गळ्यात घातला. दोघांची भाषा वेगळी, तरी बराच वेळ ते एकमेकांशी काहीतरी बोलत होते.

रात्रीच्या जेवणाला आपल्या वकिलातीतले एक अधिकारी माझ्या शेजारी होते. ते म्हणाले, "फार सुंदर झालं. ही कल्पना तुमचीच असणार." मी नाही म्हणालो नाही. बातमीदाराने विचारलं तेव्हा तर मी पुढे जाऊन म्हणालो, "मैत्रीसाठी शेवटचा सामना सोडायचा, असं आमचं ठरलं होतं." बातमी इकडच्या वर्तमानपत्रांतही आली. मला पुढचे दौरे मिळत गेले, भाषणांची आमंत्रणं येऊ लागली. गमछा मी 'संघाची आठवण' म्हणून हाशाकडून मागून घेतला होता. तो माझ्या भिंतीवर गेला.

हाशाचं काय झालं, ते मला त्याच वर्षी कळलं होतं. तो पुण्याला माझ्या घरी आला होता. दारातच उभा राहून म्हणाला, "सायेब, गावात सांगतात मी सामना सोडला. तुमी एक डाव येऊन सांगा." मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, "अरे, तुझंच नाव मोठं झालं की!" त्याने चहा तसाच ठेवला. त्यानंतर तो मला भेटला नाही.

सई विद्यापीठात खेळ आणि देशादेशांतले संबंध या विषयावर अभ्यास करते. लहानपणी वक्तृत्व स्पर्धेत ती हीच गोष्ट सांगून बक्षीस घेऊन आली होती. आता तिने त्यावर लेख लिहिला होता, तो एका पुस्तकात जायचा होता, आणि त्यासाठी तिला हाशाला भेटायचं होतं. पनवेलच्या कबड्डीवाल्यांकडे विचारत विचारत तिने हाशाच्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा फोनवर म्हणाला, "या. आबा काय बोलायचे नाय. पन या."

पुस्तकात छापून आलं की माझं खोटं माझ्यामागेही राहणार. तेव्हा मला बोलायचं होतं ते आजच, आणि दोघांशी.

घाट उतरेपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. सई गाणी लावून चालवत होती. खाली आल्यावर पळस्पे फाट्यापाशी तिने मला विचारलं, "डावीकडे की सरळ?" माझं लक्ष नव्हतं. मी हात कुठेतरी केला आणि आम्ही गोव्याच्या रस्त्याला लागलो. बरंच पुढे गेल्यावर 'पेण'ची पाटी दिसली तेव्हा चूक कळली. रस्त्याकडेच्या हॉटेलात थांबून आम्ही कोथिंबीर वडी मागवली.

"पनवेल मागे राहिलं का हो?" वडी घेऊन आलेल्या वेटरला मी विचारलं.

"काका, पनवेल चुकवून इथवर यायला पण मेहनत लागते," तो म्हणाला. "फिरवा गाडी. फाट्यावर बोर्ड एवढा मोठा लावलाय."

सई हसत सुटली. ती हसत असतानाच मी बोलायला सुरुवात केली, कारण नंतर जमलं नसतं. सगळं सांगून झालं तेव्हा वडी गार झाली होती.

"म्हणजे ठरलं नव्हतं काहीच?"

"नाही."

"आणि ते तुमच्याकडे आले होते. घरी."

"हो."

तिने वहीवर ठेवलेलं पेन उचलून पिशवीत टाकलं. "मी दुसरीत असताना ही गोष्ट सांगितली होती, आजोबा. तुम्ही समोर बसून टाळ्या वाजवल्या होत्या."

बिल मी दिलं. पनवेल येईपर्यंत गाडीत गाणी लागली नाहीत.

पनवेल आता नेमकं कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. पुलावरून उतरलो की उंच इमारती, विमानतळाचं नाव सांगून घरं विकणाऱ्या जाहिराती, रिक्षांच्या रांगा. पूर्वी ज्या मैदानावर निवडीचे सामने होत, हाशाला मी जिथे प्रथम पाहिलं, ते शोधायचा मी प्रयत्न केला. साधारण त्या जागी मोबाईलची दुकानं आणि एक दातांचा दवाखाना आहे. तळ्याच्या काठाशी पेढे घेतले आणि नेऱ्याचा रस्ता धरला.

गावं मागे पडली तशी शेतावरची घरं लागू लागली. मुंबईकरांनी शनिवार-रविवारसाठी बांधलेली, फाटकावर 'सुकून', 'माहेर' अशी नावं, आत हिरवळ आणि कुत्रा. त्यांना लागूनच भाताची कापलेली खाचरं, आणि जमिनीतल्या ओलाव्यावर वाढलेला वाल. एका वळणावर वीटभट्टी होती. डोंगरातून कामाला आलेली कुटुंबं तिथे पालं टाकून राहिली होती. बायका डोक्यावर विटांची चळत घेऊन चालत होत्या. पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर धुरकट दिसत होते. जानेवारीचं ऊन होतं, सोसवेल एवढंच.

गावाचं नाव मी लिहीत नाही. कमानीवर कबड्डी स्पर्धेचा फलक होता आणि लाऊडस्पीकरवर कोणीतरी "हॅलो, हॅलो, चेक" करत होता. मंडळाच्या वार्षिक स्पर्धा नेमक्या त्याच दिवशी होत्या. सईला हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

हाशाचं घर स्लॅबचं, नवं. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. हाशाची बायको देवकाबाई दारातच उभी होती. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आयलं! सायेब आयलं! बसा, बसा. लय लवकर आयलं. आमी वाट बगून बगून पोरांची लग्नं उरकून घेतली."

"आये, गप," तिचा मुलगा रमाकांत म्हणाला. तो द्रोणागिरीला गोदामात कामाला आहे, स्पर्धेसाठी सुट्टी घेऊन आला होता.

"का गप? पानी तरी देऊ का नको?"

तिने पाणी दिलं. सई तिच्या पाया पडली तेव्हा मात्र तिचा आवाज उतरला. "तुजं काय नाय ग बाय. तू बस."

हाशा आतल्या खाटेवर बसला होता. उंच माणूस, पण आता गुडघेच तेवढे उंच दिसत होते. उशाशी दम्याचा पंप होता. ज्याचा चढाईतला दम ऐकायला लोक झाडावर चढून बसत, तो एक वाक्य बोलून थांबत होता.

"जाडा झालास," तो मला म्हणाला. पूर्वी तो मला 'तुमी' म्हणायचा. मला बरं वाटलं.

जेवणाशिवाय काही बोलणं निघेना. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची आमटी) आणि सुकट. देवकाबाई वाढताना बोलत होती, माझ्याकडे न बघता.

"ह्या रमाकांतला तालुक्याच्या संघात घेतला नाय. म्हनाले, हाशाचा पोर, बापासारका सामना सोडील. पोरगा रडला नाय, पन खेल सोडला. आता ह्याची पोर खेलते. आज बगा तुमी. तिला पन आडून बोलतातच."

"आये, जेवू दे त्यांना."

"जेवतात ना. मी कुटं ताट ओढला?"

हाशा हसला आणि त्याला खोकला लागला. खोकला थांबल्यावर मी म्हणालो, "हाशा, मी खोटं बोललो होतो. काही ठरलं नव्हतं. तू हात वर केलास तो..."

"लागला म्हनून केला." त्याने पाय ताटापासून बाजूला घेतला आणि टाचेच्या वर, शिरेवर बोट ठेवलं. "इथं. नख लागला व्हता रफीकचा. त्याला पन कलला व्हता. म्हनून तर मान खाली घालून गेला. पंचानं दिला नाय, तर त्यानं मागायचा कसा? पावना मी. त्याला वाटला, हा कशाला सांगतो."

मी इतकी वर्षं ती गोष्ट सांगत होतो, पण रफीक मान खाली घालून का गेला, हे मला आज कळत होतं. तो हरल्यामुळे गेला असंच मी धरून चाललो होतो.

"मला माफ कर," मी म्हणालो.

"मना कशाला सांगतस?" हाशा शांतपणे म्हणाला. "मी तथंच व्हतो ना. जे नव्हते त्यांना सांग." आणि त्याने भाकरीचा तुकडा बिरड्यात बुडवला.

सई माझ्याकडे बघत होती. तिने वही बाहेर काढली नव्हती.

दुपार कलल्यावर आम्ही मैदानावर गेलो. हाशा आला नाही. तो त्या वर्षापासून मैदानावर पाय ठेवत नाही, रमाकांतने सांगितलं. स्पर्धा असली की तो ओट्यावर बसून लाऊडस्पीकर ऐकतो.

मैदान म्हणजे देवळासमोरची चोपून, पाणी मारून तयार केलेली लाल मातीची जागा, भोवती बांबू रोवून दोरी बांधलेलं कुंपण. शिट्टी गळ्यात घातलेले पंच पनवेलहून आले होते, पांढरी पँट मळू नये म्हणून खुर्चीवर रुमाल अंथरून बसले होते. मुलींचा सामना सुरू होता.

"चढाईला प्रणाली घरत, नंबर सात," माईकवरचा मुलगा ओरडत होता. "हाशाबुवांची नात. धरली, धरली, धरली... ए, नाय धरली! सुटली! अरे काय पोर हाय का मासली?"

प्रणाली परत येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती उभी राहण्याची पद्धत मी ओळखली.

रमाकांतने कोणाला सांगितलं होतं की नाही कोण जाणे, पण मंडळाच्या अध्यक्षांना मी कोण ते कळलंच. सामना संपताच ते धावत आले. "साहेब, तुम्ही? आणि आधी कळवलं नाहीत?" खुर्ची आली, चहा आला, शाल आणि नारळ आला. मला मैदानाच्या कडेला उभं केलं आणि माईकवरच्या मुलाने जाहीर केलं, "आपल्या मंडळाचं भाग्य! दोन देशांच्या मैत्रीसाठी ज्यांनी सामना सोडायला लावला, ते जोगळेकर साहेब आपल्यात आलेत!"

टाळ्या पडल्या. सईने टाळ्या वाजवल्या नाहीत. मला ओट्यावरचा हाशा दिसत नव्हता, पण आवाज तिथपर्यंत जात होता हे ठाऊक होतं. तो हेही ऐकत असणार.

माईक माझ्या हातात दिला. मी "मंडळी" म्हणालो आणि जनरेटर बंद पडला. पंखे थांबले, आवाज गेला. मुलं हुर्यो करू लागली, कोणीतरी डिझेलवरून कोणाची तरी आई-बहीण काढली. लोक उठायला लागले. "साहेब, पाच मिनिटं," अध्यक्ष म्हणाले, "नाहीतर राहू द्या, शाल तर झाली."

राहू द्यावं, असं मला क्षणभर वाटलं. नारळ बगलेत होता, चहा पिऊन झाला होता, उतारवयाचं निमित्तही होतं. चाळीस पावलांवर गाडी होती. मग मी नारळ खुर्चीवर ठेवला, चपला काढल्या, मैदानात मधल्या रेषेपर्यंत गेलो आणि हात वर केला.

मुलांना वाटलं मी शांत राहायला सांगतोय. ती आणखी ओरडली. पण देवळाच्या पायरीवर बसलेला एक म्हातारा काठी आपटत उठला.

"ए, गप बसा रे! बाद झाला तो! बाद झाल्याला बोलू द्या!"

पायरीवरचे बाकीचे म्हातारेही उठले. त्यांनी ती खूण ओळखली होती. पोरं मोठ्यांकडे बघून गप्प झाली. हात वर ठेवूनच मी बोललो. खांदा दुखायला लागला, पण खाली घ्यावासा वाटेना. काहीही ठरलं नव्हतं. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. हाशाला लागलं होतं, म्हणून त्याने हात वर केला. पेपरात छापून आलं ते माझं खोटं होतं, आणि हाशा तुम्हाला सांगत होता ते खरं होतं. एवढंच बोललो. भाषणं करण्यात आयुष्य गेलं, पण याहून जास्त काही सुचलं नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. तो काठीवाला म्हातारा कुंपणापाशी आला.

"एवडा येल लागला हात वर करायला?" तो म्हणाला. "आमच्यात तवाच करतात."

दोन-चार जण हसले. मीही मान हलवली. मग म्हातारा माझ्याकडे पाठ करून बाकीच्यांवर घसरला. "आनि आमी रे? हाशा बोंबलून सांगत व्हता. आपल्या मानसाचा आयकला नाय, सायबाचा पेपर आयकला. मग हात वर करील त्याच्यावर संशय. त्याच्यापायी पंच आनायला लागलो शेरातून."

"म्हणजे मी जाऊ का?" पंच खुर्चीतून म्हणाले.

"बस रे बाबा. जेवून जा."

एक-दोघा म्हाताऱ्यांनी पुढचा सामना बिनपंचाचा करू या म्हणून बघितलं. पोरांनी ते हाणून पाडलं. चषकाची स्पर्धा आहे, पंच हवाच. खरं तर त्यांचं बरोबर होतं. जी रीत मोडायला माझं एक वाक्य पुरलं होतं, ती माझ्या दुसऱ्या वाक्याने परत येणार नव्हती.

जनरेटर सुरू झाला तेव्हा प्रणाली मैदानात नव्हती. ती घरी पळाली होती. थोड्या वेळाने ती हाशाला घेऊन आली. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने देवकाबाई. कुंपणाच्या दोरीपाशी हाशा थांबला. काठीवाला म्हातारा त्याच्याकडे गेला. म्हाताऱ्याने दोरी वर उचलून धरली. हाशा वाकून आत आला, बोटाला माती लावून कपाळाला लावली आणि रेषेच्या बाहेर, जिथे बाद झालेले गडी बसतात, तिथेच जाऊन बसला. खुर्ची दिली तर घेतली नाही.

"आता सुरू करा," तो म्हणाला. "का म्हाताऱ्याचा तोंड बगत बसनार?"

प्रणालीचा संघ अंतिम सामना हरला. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत शेवटी जिंकायची पद्धत असते.

ऊन उतरल्यावर घरामागच्या शेतात पोपटी लावली होती. (मडक्यात भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा पाला, वालाच्या शेंगा आणि अंडी भरून, मडकं उपडं ठेवून भोवती पेटवतात. हिवाळ्यात या भागात पाहुण्याला याहून मोठा मान नाही.) मी गाडीतून चौकट आणली. रमाकांतने स्क्रूड्रायव्हरने मागची फळी काढली आणि गमछा हाशाच्या हातात दिला. काचेमागे राहून त्याचा रंग टिकला होता. हाशाने तो उलगडला, वास घेतला, आणि खांद्यावर टाकला.

"ह्याच्यावर रफीकनं तोंड पुसला व्हता," तो सईला सांगत होता. "आनि मना म्हनाला, ये परत. काय म्हनाला ते मना कलला नाय, पन तेच म्हनाला."

सईने विचारलं, "मग त्यांचा इकडे परतीचा दौरा झाला का?"

"नाय आयले ते," हाशा म्हणाला.

का आले नाहीत हे मला माहीत होतं. पुढे एका स्पर्धेत त्यांच्यातला एक खेळाडू मला भेटला होता आणि हिंदीत म्हणाला होता, "आप लोगों ने हमें जीतने दिया, ऐसा सुना." मी तेव्हा विषय बदलला होता. त्यांनी तो सामना खरा जिंकला होता आणि मी त्याची भीक करून टाकली होती. तेही मी आता सांगितलं. हे हाशाला ठाऊक नव्हतं. दिवसभरात त्याला राग आलेला मी तेव्हाच पाहिला.

"मना काय पन बोलला असतास," तो म्हणाला. "त्याला कशाला?"



पोपटी झाली होती. मडकं तापून लाल झालेलं. देवकाबाईने इकडेतिकडे फडकं शोधलं आणि हाशाच्या खांद्यावरचा गमछा ओढून त्याने मडकं धरलं.

"अहो, तो..." मी अर्धवट उठलो.

"गमछा हाय तो," हाशा म्हणाला. "बस. शेंगा खा."

गमछ्याला काळा डाग पडला. शेंगा मात्र उत्तम होत्या. भांबुर्ड्याचा वास आत मुरलेला, वरून मीठ आणि ओवा. सईने रफीकचं पूर्ण नाव आणि गाव हाशाला विचारून लिहून घेतलं. दिवसातली ती तिची पहिली नोंद. शोधते म्हणाली. निघताना हाशाने चौकटीची पितळी पट्टी माझ्या खिशात घातली.

"ही तुजी," तो म्हणाला. "ही आमच्या कामाची नाय."

परतताना पळस्प्याला आम्ही चुकलो नाही. घाट चढेपर्यंत पूर्ण अंधार झाला होता. सई म्हणाली, "लेख मागे घेतेय मी. नवा लिहीन." बोगदा संपल्यावर पुन्हा म्हणाली, "आणि घरी आई-बाबांना कोण सांगणार?"

"मी."

देशादेशांतल्या मैत्रीवर मी खूप बोललो आहे. ती बैठकीत ठरते, आणि खेळाडू ती फक्त पार पाडतात, असं मला वाटायचं. त्या मैदानावर जी काय मैत्री झाली ती न ठरवता झाली होती. एकाच्या टाचेला नख लागलं आणि त्याने ते सांगितलं, एवढ्यावर. ठरवलेली म्हटल्याबरोबर ती संपली. एका बाजूला हाशाची गावातली पत त्यात गेली आणि दुसऱ्या बाजूला, कधी न पाहिलेल्या गावात, रफीकचा विजय गेला. रफीक असेल का, सई त्याला शोधू शकेल का, मला सांगता येत नाही. सापडला तर तिथेही जायचं आहे. तब्येत साथ देईल तितपत.

घरी पोचलो तेव्हा जेवणाची पानं मांडली होती. माझ्या मुलीचं लक्ष आधी भिंतीकडे गेलेलं होतं.

"बाबा, गमछा कुठे गेला? आणि तो चौकोन किती वाईट दिसतोय."

सगळे बसेपर्यंत मी थांबलो. मग ताटावरून हात वर केला. सई तेवढी हसली. बाकीच्यांना ती खूण काय ते माहीत नव्हतं, म्हणून मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.